काडतुसाचा हिशोब

सोयाबीनच्या शेंगा भरायला लागल्या की जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत एकच प्रश्न घेऊन माणसं येतात: "साहेब, डुकरासाठी बंदूक मिळते का?" मिळते. पण घोळ त्या प्रश्नातच आहे. बंदूक बाळगायची परवानगी वेगळी आणि डुक्कर मारायची वेगळी. पहिली शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ खाली जिल्हादंडाधिकारी देतात, दुसरी वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली वनखातं देतं. पहिली खिशात आहे म्हणून दुसरी आपोआप लागू होत नाही. सरळमार्गी शेतकरी आरोपी होतो तो याच फटीत पाय अडकून. म्हणून दोन्ही कागदांचा प्रवास इथे सुरुवातीपासून मांडला आहे.

अर्ज भरायच्या आधी गावाचा नकाशा काढून अभयारण्याची हद्द किती किलोमीटरवर येते ते मोजा. वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायचा असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. विदर्भात ही अट कागदावरची राहत नाही. ताडोबा, मेळघाट, पेंच, बोर, नवेगाव-नागझिरा, टिपेश्वर, उमरेड-कऱ्हांडला, पैनगंगा अशी नावं घेत गेलं की किती गावं या पट्ट्यात बसतात ते कळतं. आणि डुकरांचा, रोह्यांचा (नीलगाईंचा) त्रास सगळ्यात जास्त याच गावांना. गाव पट्ट्यात असेल तर अर्जासोबतच तसं लिहून द्या आणि संमतीचं पत्र वनखात्याकडे कधी गेलं याची जावक नोंद मागून घ्या. न सांगता अर्ज केला तर फाईल पोलिसांकडून फिरून येते, शेवटच्या टेबलावर हा मुद्दा निघतो आणि तोवरचे महिने वाया जातात. परवाना आधीपासून आहे आणि अभयारण्य नंतर जाहीर झालं, तर त्याच कलमाखाली तीन महिन्यांत वनखात्याकडे नाव नोंदवावं लागतं. हे मात्र गावात कोणी सांगायला येत नाही.

वय २१ पूर्ण हवं. अर्ज ए-१ नमुन्यात, केंद्राच्या एनडीएएल (शस्त्र परवान्यांची राष्ट्रीय नोंद) प्रणालीवर भरायचा, त्याची छापील प्रत कागदांसह शाखेत द्यायची. नागपूर आणि अमरावती शहरांत पोलीस आयुक्त परवाना देतात, बाकी ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकारी. कागद म्हणजे ओळख, पत्ता, जन्मतारीख, फोटो, वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षितपणे ठेवण्याची हमी आणि पीक संरक्षणासाठी मागत असाल तर सातबारा, आठ-अ. फाईल अडते ती सातबाऱ्यावर. वावर कसतो मुलगा, सातबारा अजून बापाच्या नावावर, किंवा चार भावांचं सामाईक खातं आणि अर्ज एकाचा. अशा वेळी फेरफार होईपर्यंत थांबा, नाहीतर सहहिस्सेदारांचं संमतीपत्र जोडा. दुसरी अडचण नावाच्या स्पेलिंगची. आधारवर एक, सातबाऱ्यावर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं. बंदुकीच्या फाईलीत हे कोणी नजरेआड करत नाही, आणि करूही नये.

"बंदूक कशासाठी?" या रकान्यात "स्वसंरक्षण व पीक संरक्षण" असं एका दमात लिहायची सवय आहे. मोडा. दोन्हींचे निकष वेगळे, पडताळणी वेगळी. पीक हे कारण असेल तर पीकच लिहा आणि पुरावा जोडा: मागच्या दोन-तीन हंगामांचे नुकसानीचे पंचनामे, वनखात्याकडे केलेल्या भरपाईच्या अर्जांच्या पोच. नुकसान दरवर्षी होतं पण पंचनामा एकदाही केला नाही, अशी परिस्थिती गावोगाव दिसते. मग तहसील कार्यालयाकडून अहवाल काय येणार? म्हणून बंदुकीचा विचार मनात आला त्या हंगामापासून प्रत्येक नुकसानीची तक्रार लेखी करत चला. भरपाई थोडी मिळो, न मिळो, कागद कामाला येतो.

शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये शेतकऱ्याच्या बाजूची एक गोष्ट आहे. २० इंचांपेक्षा कमी नसलेल्या नळीची गुळगुळीत बोअरची, म्हणजे नळी आतून सपाट असलेली बंदूक संरक्षणासाठी मागितली, किंवा खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीची, म्हणजे आपल्याकडची भरमार मागितली, आणि कारण पटलं, तर परवाना द्यावा असं कलम सांगतं. रायफल, पिस्तूल, रिव्हॉल्वर मागितलं की "चांगलं कारण" काय हे वेगळ्या मापाने पाहिलं जातं. कापसाच्या वावरासाठी रिव्हॉल्वर मागणाऱ्याचा अर्ज नाकारला गेला तर त्यात नवल काय? जमीन कमी आहे, मालमत्ता नाही, एवढ्याच कारणाने मात्र परवाना नाकारता येत नाही. कलम १४ तसं स्पष्ट म्हणतं. नकार आला तर कारणं लेखी मागा, आणि ३० दिवसांच्या आत नागपूर किंवा अमरावतीच्या विभागीय आयुक्तांकडे अपील करा. तोंडी "होणार नाही" ऐकून घरी परतलं तर अपिलाला हातात काहीच उरत नाही.

पोलीस पडताळणी ठाण्यातून उपविभागीय अधिकाऱ्याकडे, तिथून अधीक्षक कार्यालयात आणि मग जिल्हाधिकारी कार्यालयात, अशी चढत जाते. नियमाने पोलीस अहवालाला ३० दिवस आणि अहवाल पोचल्यावर निर्णयाला ६० दिवस. प्रत्यक्षात जास्त लागतात. तारखा लिहून ठेवल्या असतील तर विचारणा करताना आवाज चढवावा लागत नाही. बीट जमादार घरी येतो, पोलीस पाटलाचं आणि शेजाऱ्यांचं म्हणणं नोंदवतो, कपाट कुठे ठेवणार ते पाहतो. धुऱ्याच्या (बांधाच्या) भांडणात कधी चॅप्टर केस झाली असेल, म्हणजे शांतता राखण्याची हमी घेणारं फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम १०७ (१ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते १२६ झालं), तर ती आपणहून सांगा आणि निकालाची प्रत जोडा. बारा वर्षांपूर्वी मिटलेलं भांडण सहसा आड येत नाही. लपवलेलं मात्र येतं. महत्त्वाची माहिती दडवून परवाना मिळवला असं पुढे कधीही निघालं तर कलम १७ खाली परवाना रद्द होऊ शकतो.

याच टप्प्यावर प्रत्येक घराने एकमेकांना विचारावा असा एक प्रश्न आहे, आणि तो कुठल्याच नमुन्यात नाही. घरात दारू पिणारं कोण आहे? कर्जाने, आजाराने, वादाने खचलेलं कोण आहे? वैद्यकीय प्रमाणपत्र अर्जदाराचं असतं, पण बंदूक सगळ्या घरात असते. नापिकीच्या वर्षी विदर्भातल्या घरांवर काय वेळ येते ते आपल्याला बाहेरच्याने सांगायला नको. उत्तर जड जात असेल तर अर्ज एक हंगाम पुढे ढकला, बाकी काही बिघडत नाही. परवाना आधीच असेल आणि घरात अशी वेळ आली, तर बंदूक काही महिन्यांसाठी ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घेता येते. यात कमीपणा कसला?

प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र २०१६ च्या नियमांत आलं. आपल्या जिल्ह्यात कोणाचं प्रमाणपत्र धरतात ते शाखेत आधी विचारा, कुठेतरी पैसे भरून कागद आणल्यावर नको. आणि प्रशिक्षण खरंच घ्या. बंदूक हातात येताच उघडून दोन्ही चेंबर (काडतूस बसतं ती नळीची मागची जागा) बोटाने चाचपायचे, तोंड जमिनीकडे किंवा आभाळाकडे ठेवायचं, बार काढायचा क्षण येईपर्यंत बोट चापाबाहेर ठेवायचं. एवढं हाडात मुरायला दोन दिवस पुरतात.

परवाना हातात आला की कार्यालयाच्या पायरीवरच वाचून काढा. नाव, यूआयएन (परवानाधारकाचा एकमेव ओळख क्रमांक), शस्त्राचा प्रकार, कोणत्या क्षेत्रापुरता आहे, एका वेळी किती काडतुसं जवळ ठेवता येतात, वर्षात किती घेता येतात, मुदत कधी संपते. यूआयएन नसलेला परवाना आता वैध धरत नाहीत. मुदत २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांची झाली, आणि त्याच दुरुस्तीने एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात. पूर्वी तीन होती.

विदर्भात घेतात ती बहुधा बारा बोअर, एकनळी किंवा दुनळी. नवी घेतली तर प्रश्न कमी. जुनी, कोणाच्या तरी आजोबांची विलायती दुनळी घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. बंदूक मोडून, म्हणजे सांध्यावर उघडून, नळ्या वेगळ्या करा आणि उजेडाकडे धरून आतून पाहा. आतली चकाकी एकसारखी गोल वळत गेली पाहिजे. मध्येच अंगठीसारखी काळी सावली दिसली तर तिथे नळी फुगलेली आहे, म्हणजे कधीतरी चिखल किंवा चिंधी अडकलेली असताना बार काढलेला आहे. ती बंदूक घेऊ नका, कितीही स्वस्त मिळो. मग पुढची लाकडी मूठ काढून बंदूक बंद करा, कानाजवळ धरून हलवा. नळ्या आणि ॲक्शनमध्ये (चाप-घोड्याच्या भागात) खुळखुळ जाणवली तर सांधा झिजला आहे.

तिसरी तपासणी फार कमी लोक करतात, ती चेंबरच्या लांबीची. जुन्या विलायती बंदुकांचे चेंबर अनेकदा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचे असतात. बाजारात काडतूस ६५ चंही मिळतं आणि ७० चंही. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची शक्तिमान काडतुसं दोन्ही मापांत येतात. ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये बिनबोभाट बसतं, कारण दुमडलेलं तोंड उघडल्यानंतरची लांबी म्हणजे ७०. बार निघताना ते तोंड उघडायला जागा मिळत नाही, पुंगळीचा काठ नळीच्या अरुंद भागात शिरतो आणि दाब वाढतो. पहिल्या बाराला काही होत नाही. दहाव्यालाही होत नाही. म्हणून लोक बेसावध राहतात. नळीच्या खालच्या बाजूला कोरलेले आकडे वाचा. वाचता येत नसतील तर परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडून मापून घ्या आणि माप काडतुसाच्या डब्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

विक्रेत्याकडून निघण्याआधी बंदुकीवरचा क्रमांक, बिलावरचा आणि परवान्यावर चढवलेला क्रमांक एकेक आकडा बोट ठेवून जुळवा. तीनाचा आठ झालेला असतो. हीच चूक पाच वर्षांनी नूतनीकरणात सापडली तर "ही बंदूक तुमची कशावरून?" इथून सुरुवात होते. गावी आणताना बंदूक रिकामी, मोडलेली, कव्हरमध्ये, काडतुसं वेगळ्या पिशवीत आणि मूळ परवाना सोबत. झेरॉक्स चालत नाही. मग ठाण्यात आणि शाखेत दाखवून नोंद करून घ्या.

घरी पत्र्याच्या गोदरेज कपाटात साड्यांच्या मागे उभी केलेली बंदूक म्हणजे सुरक्षित ठेवलेली बंदूक नव्हे. भिंतीत चार बोल्टांनी ठोकलेली अरुंद लोखंडी पेटी गावातला वेल्डिंगवाला करून देतो. बंदूक तिच्यात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, दोन किल्ल्या दोन जागी. किल्ली देव्हाऱ्यामागे ठेवायची पद्धत सोडा, ती जागा घरातल्या प्रत्येक पोराला माहीत असते. आणि एक वही घाला. शाळेची दोनशे पानी पुरते. तारीख, घेतलेली काडतुसं, बिल क्रमांक, वापरलेली, कुठे, कशासाठी, शिल्लक. रिकाम्या पुंगळ्या फेकू नका. मोजून एका डब्यात ठेवा. काडतूस हरवलं तर त्याच दिवशी ठाण्यात लेखी कळवा. कुठेतरी पडलं असेल म्हणून गप्प राहिलात आणि ते भलत्या ठिकाणी सापडलं, तर वहीच तुमच्याविरुद्ध बोलते.

आता वावरात. परवाना माणसाच्या नावाने असतो, घराच्या नाही. जागलीला आज मुलगा गेला, उद्या सालदार गेला, बंदूक मात्र वावरातल्या माळ्यावर (मचाणावर) तीच, असं चालत नाही. परवानाधारक समोर असताना त्याची बंदूक कोणी उचलून आणून दिली तर ठीक, पण एकट्याच्या हाती रात्रभर सोपवली की दोघंही कायद्याच्या कचाट्यात. परवान्यातल्या अटी मोडल्या तर शस्त्र कायद्याच्या कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बिनपरवाना माणसाच्या हातात सापडली तर त्याच्यावर त्याहून कितीतरी जड कलम लागतं.

बारा बोअरचा छर्रा ३५-४० मीटरपर्यंत कामाचा. म्हणून तो तिथेच थांबतो असं नाही. बारीक छर्रा दोनशे मीटरच्या पुढे जातो, एलजीसारखा जाड छर्रा सहाशेच्या पुढे. त्या अंतरात काय काय येतं ते दिवसा पाहून ठेवा: पांदण, शेजारच्या वावरातली खोपडी, ओलितासाठी रात्री मोटर चालू करायला आलेला माणूस. रात्रपाळीची वीज असते त्या भागात मध्यरात्री वावरात माणूस असणं ही नेहमीची गोष्ट आहे. डोळे चमकले म्हणून बार काढू नये. कुत्र्याचे, गाईचे, बिबट्याचेही चमकतात. तुरीत नुसती हालचाल झाली म्हणून तर नाहीच. धुऱ्याच्या दगडावर, ओल्या जमिनीवर तिरपा आदळलेला छर्रा उसळून भलतीकडे जातो. माळ्यावरून खाली, जमिनीच्या दिशेने बार काढला तर त्यातला धोका बराच कमी होतो. चढताना-उतरताना बंदूक रिकामी.

चाप ओढला आणि नुसता टक् आवाज आला तर बंदूक लगेच उघडू नका. तोंड रिकाम्या जमिनीकडे धरून साठपर्यंत आकडे मोजा. पावसाळ्यात दमट झालेलं काडतूस उशिरा पेटू शकतं. आणि बार निघाला पण आवाज फुसका आला, तर पुढचं काडतूस घालण्याआधी नळीतून आरपार पाहा, आत काडतुसातलं बूच अडकलेलं असू शकतं. नळीत फुगा येतो तो असाच.

आणि मारायचं म्हटलं तर वनखात्याची परवानगी. वन्यजीव कायद्याच्या कलम ११(१)(ख) प्रमाणे उभ्या पिकाला धोका झालेल्या प्राण्यासाठी लेखी आदेश निघू शकतो. रोही आणि रानडुकरासाठी अर्ज वनक्षेत्रपालांकडे करायचा: गट क्रमांक, पीक, नुकसान, परवान्याची प्रत. काळवीट अनुसूची १ मधला प्राणी, त्याच्या बाबतीत हा विचारही करू नका. १ एप्रिल २०२३ पासून बदललेल्या अनुसूचींत रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे, म्हणजे "डुकराला काय होतंय" हे बोलणं तर आता मुळीच चालत नाही. परवानगी वावरापुरती. जखमी जनावराच्या मागे बंदूक घेऊन जंगलात शिरू नका. रात्री तर नाहीच, जखमी डुक्कर उलटून अंगावर येतं. वनरक्षकाला कळवा. मेलेलं जनावर कलम ३९ प्रमाणे सरकारची मालमत्ता असतं. पंचनामा होईपर्यंत ते जागचं हलवायचं नाही. मांसाचा वाटा गावात फिरला की परवानगी असूनही गुन्हा झाला.

एवढं सगळं वाचून कोणी म्हणेल, त्यापेक्षा कुंपणात करंट सोडणं सोपं. सोपं आहे खरं. त्या तारेला डुक्कर चिकटतं तसा वाघही चिकटतो आणि पहाटे वाटेने जाणारा शेजारीही. बंदुकीमागे निदान कोणाचं तरी नाव असतं, तारेला नसतं.

निगा फारशी अवघड नाही. वापरली त्याच दिवशी ब्रश, मग कोरडी चिंधी, मग तेलाचा अगदी पातळ हात. भरमार असेल तर काळ्या दारूचा क्षार ओलावा धरतो, म्हणून नळी आधी गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवायची. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी पेटी उघडून पाहा. कातड्याच्या कव्हरमध्ये बंदूक ठेवून देऊ नका, ते ओल धरतं. दसऱ्याला पूजा करायचीच असते. हळद-कुंकवाचे ओले बोट नळीवर नको, कोयरीच्या आकाराचा गंज वर्षभर मिरवावा लागतो. दस्त्याच्या लाकडावर लावा. काडतुसं पाटावर मांडू नका आणि आरती झाली की बंदूक तिथेच ठेवून जेवायला बसू नका. लग्नात, वरातीत, पोळा फुटताना हवेत बार काढणं आता स्वतंत्र गुन्हा आहे: शस्त्र कायद्याचं कलम २५(९), दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. नवरदेवाच्या मामाने आग्रह केला हा बचाव होत नाही.

निवडणूक लागली की ठाण्यातून फोन येतो, बंदूक जमा करा. सरसकट सगळ्यांची जमा करायची नसतात, छाननी समितीने प्रकरण पाहून ठरवायचं असतं. पीक उभं असेल तर समितीकडे लेखी विनंती करता येते. पण आदेश आल्यावर वाद घालत बसू नका. नेऊन द्या, आणि पावतीवर क्रमांकासोबत बंदुकीची अवस्थाही लिहून घ्या: दस्त्याला तडा नाही, नळ्यांना गंज नाही. पावसाळ्यात मालखान्यात दोन महिने उभी राहिलेली बंदूक परत घेताना हा एक ओळीचा शेरा उपयोगी पडतो. काडतुसं मोजून द्या, मोजून घ्या.

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या किमान दोन महिने आधी. मुदत संपली आणि बंदूक घरात राहिली तर तुम्ही बिनपरवाना शस्त्रधारक ठरता, मग बंदूक वीस वर्षांची जुनी असो की आजोबांची.

आजोबांचा विषय निघाला म्हणून. परवानाधारक वारला की तेराव्यानंतर बघू असं घरोघर होतं, आणि तेराव्यानंतर वर्ष जातं. परवाना त्याच्यासोबत संपला. बंदूक पहिल्या काही दिवसांतच ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची, मग मृत्यूचा दाखला, वारसांची यादी आणि बाकी वारसांची ना हरकत जोडून एकाने नवा अर्ज करायचा. त्याची छाननी नव्या अर्जदारासारखीच होते. जिवंतपणी द्यायची सोयही शस्त्र नियमांच्या नियम २५ मध्ये आहे: धारक ७० वर्षांचा झाला किंवा शस्त्र त्याच्याकडे २५ वर्षं राहिलं, यांतलं जे आधी घडेल तेव्हापासून वारसाच्या नावाने अर्ज करता येतो. तेव्हा तो करून टाका. वही कुठे ठेवली आहे आणि १९९८ साली घेतलेली ती दोन काडतुसं कुठे गेली, हे सांगायला म्हातारा अजून समोर बसलेला असतो.